धागा : निरीक्षणगृहातल्या मुलांवरचा मराठी चित्रपट – पटकथेत आणि चित्रीकरणात काय काय तपासावं?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. पुण्यात घडणाऱ्या एका चित्रपटाची पटकथा तिसऱ्या खर्ड्यापर्यंत आली आहे, त्यावर जाणकारांची मतं हवी आहेत.

थोडक्यात गोष्ट अशी. बाळ्या, सोन्या आणि मुन्ना हे एकाच गल्लीतले तीन मित्र. बाळ्याला सोळा वर्षं दोन महिने झालेत, सोन्याचं सोळावं अजून भरायचं आहे आणि मुन्ना चौदाचा. रात्री दुकान बंद करून निघालेल्या औषधवाल्याला ते अडवतात. एकाच्या हातात कोयता असतो. पैशांची पिशवी घेऊन पळतात आणि दुसऱ्या दिवशी सापडतात. पुढचे चार महिने निरीक्षणगृहात. आत टोळ्या, मारामाऱ्या, एक कडक अधीक्षक, एक चांगली समुपदेशक. मध्यंतराला कोर्टाचा प्रसंग, शेवटी बाळ्या भिंत चढून पळतो.

कायद्यातल्या चुका, आतलं वातावरण, मुलांकडून काम करून घेणं, आवाज आणि कॅमेरा, यातल्या कशावरही लिहा. कठोर लिहिलंत तरी चालेल.

मंडळाची_पायरी

कायद्यापासून सुरुवात करते, कारण तुमची गोष्ट तिथेच सगळ्यात जास्त सैल आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त नाट्यही आहे.

पहिलं म्हणजे कोर्टाचा प्रसंग काढून टाका. मुलं बाल न्याय मंडळासमोर येतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक स्त्री. मंडळाची बैठक निरीक्षणगृहाच्या आवारात किंवा जवळपास भरते, कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात नाही. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, मध्ये कठडा नाही. मुलगा आणि मंडळ एकाच पातळीवर. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे : न्यायाधीश वर आणि मुलगा खाली ही सवयीची रचना इथे मुळात चालतच नाही. टेबल आहे, तीन माणसं आहेत आणि समोर पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याचे पाय खुर्चीखाली हलताहेत.

दुसरं, पकडल्याचा प्रसंग. बेडी नाही, लॉकअप नाही. बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत हवा. २४ तासांच्या आत मुलाला मंडळापुढे न्यायचं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. त्या दिवशी मंडळ बसलेलं नसेल तर एका सदस्यासमोर. तुमच्या खर्ड्यात पोलीस ठाण्यात रात्रभर मारहाण आहे. ती दाखवायचीच असेल तर ती बेकायदा आहे हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, नाहीतर तीच रीत वाटते.

तिसरं, जामीन. पुण्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या जामिनाला घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घराघरात चर्चिली गेली, त्यामुळे तुमचा प्रेक्षक या विषयावर ठाम मतं घेऊनच बसणार आहे. मूळ नियम असा : २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हा नियम आहे. नाकारायला तीनच कारणं. सुटला तर तो माहितीतल्या गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्यावर नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका ओढवेल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. मग तुमची तिघं चार महिने आत का आहेत? याचं उत्तर पटकथेत कुठेच नाही.

उत्तर त्याच कलमात शोधा. जामीन मंजूर झाला, पण सात दिवसांत अटी पूर्ण करायला घरचं कुणी आलंच नाही, तर मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अटी बदलायच्या, अशी तरतूद आहे. हे सात दिवस म्हणजे अख्खा अंक आहे. कागदावर सुटलेला आणि प्रत्यक्षात आत असलेला मुलगा. हजेरीला उभा राहतो, जेवतो, फाटकाकडे बघतो. आई का येत नाही, तर तारखेच्या दिवशी धुण्याभांड्याची चार घरं बुडतात आणि हमीसाठी काय काय कागद लागतात ते तिला कुणी नीट सांगितलेलं नाही. मुन्नासाठी हे वापरा, असं सुचवते.

चित्रफीत_जुनी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. शब्दांबद्दल थोडं लिहितो.

तुमच्या खर्ड्यात सगळीच पात्रं ‘बालसुधारगृह’ म्हणतात. तो वर्तमानपत्री शब्द आहे. वस्तीत आजही ‘रिमांड होम’च म्हणतात, कागदावर ‘निरीक्षणगृह’ असतं. चौकशी चालू असलेला मुलगा निरीक्षणगृहात. मंडळाच्या अंतिम आदेशानं ठेवलेला मुलगा विशेष गृहात, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. अनाथ, हरवलेली, टाकून दिलेली मुलं बालगृहात, त्यांचा निर्णय बाल कल्याण समिती करते. या तीन वाटा एकच समजल्या की सगळी गोष्ट कोलमडते. आणि पोलिसांच्या कागदातला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा लांबलचक शब्द एकदा तरी कुणाच्या तरी तोंडून मुलासमोर उच्चारला जाऊ द्या. तो शब्द आपल्यालाच लावलाय हे कळायला मुलाला जो क्षण लागतो, तो पडद्यावर दिसेल. ‘आरोपी’ आणि ‘कैदी’ मात्र अधिकाऱ्यांच्या तोंडी नको. आरोप करणारी भाषा वापरायची नाही हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलंय.

इतिहासही कामाला येईल. मुंबईत माहीमची ससून औद्योगिक शाळा १८५७ ची. सुधारशाळांचे कायदे १८७६ आणि १८९७ चे, मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांची वयोमर्यादा सोळा होती, २००० साली ती अठरा झाली. आणि एक गोष्ट पुण्याच्या माणसाला भिडेल : टिळक-आगरकर १८८२ साली १०१ दिवस ज्या डोंगरीच्या तुरुंगात होते, तीच उमरखाडीची जागा पुढे मुलांसाठी वापरात आली. मोठ्यांसाठी बांधलेल्या जाड भिंतींत मुलं ठेवणं हे नेपथ्यातून बोलकं करता येतं, त्याला संवादाची गरज नाही.

पर्वतीपायथा

मंडळाची_पायरी, मनापासून आभार. सात दिवसांची तरतूद माहीतच नव्हती. एक शंका : बाळ्या सोळाच्या वर आणि सोन्या सोळाच्या आत आहे. याने नेमका काय फरक पडतो? खर्ड्यात तिघांना एकच वागणूक आहे.

मंडळाची_पायरी

सगळा फरक तिथेच पडतो.

कायद्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे किरकोळ, त्यावरचे गंभीर, आणि किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल तर निर्घृण. ‘किमान’ हा शब्द अधोरेखित करा. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून तो गंभीर गटात राहतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हा प्रश्न सोडवला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला.

आता तुमची घटना. भारतीय न्याय संहितेत साध्या जबरी चोरीला किमान शिक्षा नाही, म्हणून ती गंभीर. पण ती करताना प्राणघातक हत्यार वापरलं तर कलम ३११, किमान सात वर्षं, म्हणजे निर्घृण. पूर्वी भारतीय दंड संहितेत हेच कलम ३९७ होतं आणि त्यावरच्या निकालांप्रमाणे ते प्रत्यक्ष हत्यार वापरणाऱ्यापुरतं लागतं. म्हणजे औषधवाल्यासमोर कोयता नेमका कुणी उगारला, या एका प्रश्नावर एका मुलाचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे.

आणि निर्घृण गुन्हा असला, तरी घटनेच्या दिवशी सोळा पूर्ण असतील तरच कलम १५ ची प्राथमिक तपासणी होते. मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची कुवत, कोणत्या परिस्थितीत घडलं, एवढंच त्यात बघायचं असतं. गुन्हा शाबीत करण्याची ती जागा नव्हे. मंडळ मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ शकतं. पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत ती संपवायची. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं, तिथे प्रौढ म्हणून खटला चालवायचा की नाही ते ठरतं. तरीही एकवीसपर्यंत त्याला तुरुंगात नाही, सुरक्षित जागेत ठेवतात.

सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काहीच लागू नाही. त्याची चौकशी चार महिन्यांची, फार तर दोन महिने वाढवून. शेवट समज देऊन घरी सोडण्यापासून समाजसेवा, परिविक्षा (म्हणजे देखरेखीखाली सुटका) किंवा तीन वर्षं विशेष गृहापर्यंत कुठेही होऊ शकतो.

म्हणून तुमच्या तीन मित्रांपैकी दोघांच्या वाटा त्यांच्या स्वभावानं नव्हे, जन्मतारखेनं वेगळ्या होतात. टोळ्या आणि मारामाऱ्यांपेक्षा हे जास्त दुखणारं आहे. एकाच ताटात जेवणारी दोन मुलं, आणि एकाच्याच नावानं मानसशास्त्रज्ञाच्या खोलीतून हाक येते.

शहाबादी

नेपथ्याबद्दल. खऱ्या संस्थेत चित्रीकरणाची अपेक्षा धरू नका. महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे, अर्ज जरूर करा, माहितीसाठी भेटीची विनंतीही करा, पण मुलं राहत असताना आत कॅमेरा नेणं योग्यच नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाठमोरा मुलगा, गणवेशावरची खूण, फाटकावरची पाटी, यातूनही ओळख पटते. चित्रपटात संस्थेला नाव देऊ नका, गावही ‘पुणे’ इतकंच ठेवा. आणि वस्तीचं खरं नाव घालू नका. पुण्यात कोयत्याच्या बातम्यांनी आधीच चार वस्त्यांवर शिक्का बसलाय, तिथली मुलं नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना अडखळतात.

त्याऐवजी बंद पडलेलं वसतिगृह किंवा जुनी शाळा शोधा. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ५० मुलांच्या संस्थेची मापं दिली आहेत, ती हाताशी ठेवा. २५ मुलांना १००० चौरस फुटांचं एक शयनगृह, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट. दहा मुलांमागे एक न्हाणीघर, सात मुलांमागे एक संडास. वीस बाय पन्नास फुटांचं दालन मिळालं तर २५ गाद्या घालून बघा, मधली चालायची वाट किती उरते ते कळेल. हीच वाट कॅमेऱ्याच्या हालचालीची. माणसं कमी पडतात म्हणून बारा मुलांवर भागवू नका. गर्दी हीच त्या खोलीची ओळख आहे.

खाली शहाबादी फरशी, जमिनीपासून चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा, त्यावर चुना. पट्ट्याची वरची कड खांद्याच्या उंचीला घासून काळवंडलेली हवी, कारण मुलं भिंतीला टेकून रांगेत उभी राहतात. ही झीज नेपथ्यकार हमखास विसरतात आणि सगळी भिंत सारखी मळवतात. दिनक्रमाचा फलक दर्शनी जागी. सूचनापेटी भिंतीवर, तिची किल्ली अधीक्षकाकडे नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. ती पेटी मुलांच्या समितीसमोर उघडतात. तुमच्या कडक अधीक्षकाला एक पेटी उघडता येत नाही, याचा उपयोग करा.

जेवणाचंही माप ठरलेलं आहे : दिवसाला धान्य ६०० ग्रॅम, सोळा ते अठराच्या मुलांना ७००, डाळ १२० ग्रॅम, पालेभाजी १०० ग्रॅम, सकाळी दूध १५० मिलिलिटर. खर्ड्यात पाण्यासारखी आमटी आहे, ती दाखवा, पण मग फलकावर १२० ग्रॅम लिहिलेलंही दाखवा. आणि बघा, बाळ्या सोळाचा झाल्यानं त्याच्या वाट्याला शंभर ग्रॅम धान्य जास्त येतं. वर ज्या रेषेबद्दल लिहिलंय, तीच रेषा ताटातही आहे.

कानसेन_नळस्टॉप

आवाजाचं बोलू या, कारण असल्या चित्रपटात तोच पहिला फसतो.

सगळ्यात मोठी अडचण मुलांचे गळे. तेरा ते पंधरा या वयात आवाज फुटतो. चित्रीकरण संपून डबिंगला चार-पाच महिने गेले की तोच मुलगा वेगळ्या आवाजात बोलतो आणि ओठ जुळले तरी माणूस जुळत नाही. म्हणून जागेवरचाच आवाज घ्यायचा. प्रत्येक प्रसंगानंतर कॅमेरा बंद ठेवून तेच संवाद त्याच जागी लगेच पुन्हा रेकॉर्ड करायचे, शिवाय रिकाम्या खोलीचा निदान एक मिनिट आवाज. ‘नंतर बघू’ म्हटलेला संवाद या वयात नंतर मिळत नाही.

मोकळी भिंत, शहाबादी फरशी आणि उंच छत असलं की आवाज घुमतो. चौकटीबाहेरच्या भिंतींवर जाड गोधड्या आणि घोंगड्या टांगा, गाद्या खऱ्या कापसाच्या ठेवा. घुमण्याचा परिणाम नंतर घालता येतो, काढता येत नाही. जेवणाच्या प्रसंगात स्टीलच्या ताटांखाली कापडाची पट्टी ठेवून संवाद घ्या, ताटांचा खणखणाट वेगळा.

येरवडा-विमाननगरच्या पट्ट्यात जागा घेतलीत तर लोहगावचा तळ लक्षात ठेवा. हवाई दलाचं विमान उडालं की अर्धा मिनिट काही ऐकू येत नाही. चित्रीकरण दुसरीकडे केलं तरी तो आवाज वेगळा रेकॉर्ड करून वापरा, आतल्या मुलांना बाहेरचं जग मुख्यतः कानांनीच कळतं.

याच संदर्भात एक उदाहरण. इटालियन दिग्दर्शक डी सिकाच्या १९४६ च्या ‘शूशाइन’मध्ये रोमच्या मुलांच्या तुरुंगात एका मित्राकडून कबुली काढायची असते. त्याला पलीकडून दुसऱ्या मित्राला पट्ट्यानं मारल्याचा आवाज ऐकवतात, प्रत्यक्षात पट्टा पोत्यावर पडत असतो. ऐकणारा घाबरून बोलतो आणि तिथून मैत्री तुटते. पोलीस ठाण्यातली मारहाण कोणत्याही मुलाच्या अंगावर न दाखवता उभी करायची असेल, तर हा धडा समोर आहे.

पर्वतीपायथा

पोलीस ठाण्याचा प्रसंग पूर्ण बदलतोय. शंभर ग्रॅमची गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. मुलं कशी निवडावीत आणि त्यांच्याकडून कसं करून घ्यावं, यावर कुणी लिहील का?

तालीम_सदाशिव

नाट्यशिबिरात तयार झालेली चटपटीत मुलं इथे चालत नाहीत. ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोर बघतात. शाळांमधून, क्रीडांगणांवरून, ढोलपथकांतून मुलं बघा. पहिल्या भेटीत संवाद वाचायला देऊ नका, दोघांना एक काम द्या : गादी उचलून गच्चीवर न्या, कांदे सोला. हात कामात असताना जो मुलगा खरा दिसतो तो घ्या.

कार्यशाळा सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दोन दोन तास. पहिले दोन आठवडे पटकथेचा विषयच काढायचा नाही : रांगेत उभं राहणं, एका बादलीत तिघांनी आंघोळ, पंगत. तिसऱ्या आठवड्यापासून प्रसंग सांगायचा, संवाद द्यायचे नाहीत, मुलं जे बोलतील त्यातूनच संवाद लिहायचे. ‘भावा’, ‘मॅटर’, ‘खुन्नस’ हे शब्द त्यांच्याकडून आपोआप येतात, लेखकानं पेरले की खोटे वाटतात. तुमच्या खर्ड्यात पुण्यातला मुलगा ‘अपुन’ म्हणतोय, ते कृपया काढा. काळजीवाहकाला मुलं ‘काका’ म्हणतील, समुपदेशकेला ‘मॅडम’ किंवा ‘ताई’. ‘मामा’ म्हटलं की पुण्यात वाहतूक पोलीस डोळ्यासमोर येतो.

मानसशास्त्रज्ञाच्या प्रसंगासाठी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या १९५९ च्या ‘फोर हंड्रेड ब्लोज’मधला भाग जरूर बघा. प्रश्न विचारणारी बाई दिसतच नाही, फक्त तिचा आवाज. कॅमेरा मुलावरून हलत नाही. उत्तरं पाठ करून घेतलेली नव्हती, मुलानं आपल्या शब्दांत दिली होती. तुमचा कलम १५ चा प्रसंग सात पानांचा आहे आणि त्यात समुपदेशकेचं भाषण आहे. भाषण काढा. तिला नऊ-दहा साधे प्रश्न द्या आणि ते बाळ्याचं काम करणाऱ्या मुलाला आधी सांगू नका.

आता नियम. चौदाच्या आतल्या बालकलाकारासाठी २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ज्या जिल्ह्यात काम आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. मिळकतीच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाची स्वतःचीही संमती हवी. चौदाच्या वरच्यांना हे सगळं बंधनकारक नसलं तरी सगळ्यांना सारखंच लावा. पाच तास म्हणजे केशभूषा आणि वाट बघण्यासकट पाच तास, असं धरून वेळापत्रक आखलं तर दिवसाला पटकथेची दोन-अडीच पानं निघतात. निर्माता चार पानांचा आग्रह धरेल, त्याला आत्ताच सांगून ठेवा.

कडबोळं

केसांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आत आल्यावर केस बारीक कापतात, पुढच्या चार महिन्यांत ते वाढतात. चित्रीकरण उलटसुलट क्रमानं केलंत तर केस जुळणार नाहीत आणि मुलांना विग कधीच बसत नाही. मुलांची उंचीही वाढते. त्यामुळे शयनगृहातले प्रसंग गोष्टीच्या क्रमानंच घ्या. केस कापण्याचा प्रसंग एकदाच होतो, त्याला दोन कॅमेरे लावा.

कपडे प्रत्येकाला चार जोड, चारही वेगवेगळे विटलेले. नवे कपडे दहा-बारा वेळा सोड्यात धुतले की रंग उतरतो, पण शिवण ताठच राहते, म्हणून कॉलर आणि खिशाची कड पॉलिश पेपरनं घासायची.

कॅमेरा_कर्वेरोड

दोनच मुद्दे. ट्यूबलाइटखाली घेणार असाल तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २४ चौकटींवर शटर १७२.८ अंश ठेवा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग पडतो आणि पट्टे येत नाहीत. किंवा सरळ २५ चौकटी आणि १८० अंश. स्वस्त एलईडी दिवे तरीही लुकलुकतात, ते आदल्या दिवशी तपासून बदला.

कोयता रबराचा किंवा फायबरचा, धार रंगवलेली. खरं पातं संचावर आणूच नका. रस्त्यावरच्या प्रसंगाआधी स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि वापर नसताना तो बंद पेटीत ठेवा. पुण्यात हत्यार बाळगण्याविरुद्ध मनाईचे आदेश वारंवार निघतात, लांबून बघणाऱ्याला तो रबराचा आहे हे कळत नाही. मुलांच्या हातात कोयता घेतलेले फोटो तर काढायचेच नाहीत. ते रीलवर गेले की चित्रपट ज्या गोष्टीविरुद्ध आहे तिचीच जाहिरात होते.

मंडळाची_पायरी

शेवटाबद्दल लिहायचं राहिलं होतं. भिंत चढून पळणं मला पटत नाही. तीन महिने ज्या तपासणीची वाट बघितली ती पळाल्यामुळे वाया जाते आणि प्रेक्षक ‘सापडेल का’ एवढंच बघत बसतो.

त्याऐवजी वयाच्या कागदाकडे बघा. कलम ९४ प्रमाणे वय ठरवण्याचा क्रम पक्का आहे. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आता आपल्याकडची वस्तुस्थिती अशी की पहिलीत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहीत आले. महाराष्ट्रात कित्येकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे. सोन्याची तारीख १ जून ठेवा आणि औषधवाल्याची घटना २८ मेच्या रात्री घडू द्या. कागदावर सोळाला चार दिवस कमी.

चित्रफीत_जुनी

आणि आईला माहीत आहे की तो आदल्या दिवाळीतला.

मंडळाची_पायरी

अगदी तेच. आईला माहीत आहे, आणि बाळ्याच्या आईलाही, कारण दोघी शेजारी. सोन्या मंडळासमोर सोळाच्या आत ठरतो तो एका मास्तरांच्या जुन्या शाईमुळे. बाळ्याकडे महापालिकेचा दाखला आहे, खरा आणि अचूक. आता कोयता कुणी उगारला होता हा प्रश्न पुन्हा विचारा. सोन्यानं उगारला असेल आणि बाळ्या गप्प राहिला असेल, तर तो का गप्प राहिला यावर तुमचा शेवट उभा राहतो. त्याला पळण्याची गरज नाही.

पर्वतीपायथा

काय लिहावं कळत नाही. घटना २८ मे केली. भिंत गेली. मंडळासमोरचा शेवटचा प्रसंग पुन्हा लिहितोय : शाळेतून मुख्याध्यापक जनरल रजिस्टर, म्हणजे नाव घालतानाच्या नोंदींची वही, घेऊन येतात, दोन्ही आया बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या. एकच शंका. नुसता शाळा सोडल्याचा दाखला दाखवला तर चालेल का? तो हातात धरायला सोपा आहे.

मंडळाची_पायरी

रजिस्टरच ठेवा. शाळा सोडल्याच्या नुसत्या दाखल्यावर न्यायालयं विसंबत नाहीत, त्याला हरकत येते. शाळेनं दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याच्या पाठीशी मूळ नोंद. मुख्याध्यापकांना बोलायला एकच वाक्य द्या, नोंद कुणी केली ते आता सांगता येणार नाही, एवढंच.

शहाबादी

रजिस्टर बनवताना : लांबट, जाड पुठ्ठ्याचं, पाठीला लाल किंवा निळं कापड. एका पानावर पंधरा-वीस नावं, अनुक्रमांक, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. पान पूर्ण भरा, फक्त सोन्याची ओळ भरून बाकी कोरं ठेवू नका. सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात लिहून घ्या. आणि त्या पानावर निदान आठ मुलांच्या पुढे १ जून असू द्या. कॅमेरा वरून खाली सावकाश आला की सोन्याच्या नावापर्यंत पोचण्याआधीच प्रेक्षकाला कळलेलं असेल.